केडगाव ते मिरज, व्हाया जामखेड

शुक्रवार, केडगाव

केडगाव दोन आहेत हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर आमच्यासारखी गाडीत वादावादी होईल. एक नगर शहराला चिकटलेलं आणि दुसरं दौंड तालुक्यातलं, सोलापूर रोडवर चौफुल्याहून आत जायचं ते. आम्हाला दुसरं हवं होतं आणि फोनमधला मॅप हट्टाने पहिलं दाखवत होता, शेवटी मामी म्हणाल्या फोन ठेव आणि चहावाल्याला विचार, मग पोचलो.

गाडीत चौघं. मामा रिटायर्ड पाळक (म्हणजे चर्चचे पास्टर), मामी, गाडी चालवायला भाचा (म्हणजे मामांचा नातू, कॉलेजात आहे) आणि मी. हा प्रवास निघाला तो बायबलमधल्या याकोबाच्या पत्रावरून. मामा चर्चच्या तरुण संघाला ते पत्र शिकवत होते आणि दुसऱ्या अध्यायावर पोरं अडून बसली, की पौल म्हणतो विश्वासाने तारण, याकोब म्हणतो क्रियांवाचून विश्वास निर्जीव, मग नक्की आधी काय, विश्वास की काम, आणि यात प्रीती कुठे बसते? मामांनी गलतीकरांस पत्र काढून पाचव्या अध्यायातलं सहावं वचन दाखवलं, प्रीतीच्या द्वारे काम करणारा विश्वास, तिन्ही एकाच ओळीत. पोरांना पटलं नाही. वाचून पटत नसेल तर जाऊन बघू या म्हणाले, पण संघातल्या बाकीच्यांच्या परीक्षा, म्हणून आम्हीच.

केडगावला आलो ते मुक्ती मिशन बघायला, म्हणजे पंडिता रमाबाईंचं काम. शाळेच्या पुस्तकात रमाबाई एका धड्यात आटपतात, संस्कृतच्या पंडिता, विधवांसाठी शारदा सदन, संपलं. पण मामांनी गेटपासून आत जाता जाता जो क्रम सांगितला तो मला जास्त महत्त्वाचा वाटला. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टर्सकडे (म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे) राहिल्या. त्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला एक घर बघायला पाठवलं, जिथे समाजाने वाया गेलेल्या ठरवलेल्या बायकांना ठेवून घेत आणि त्यांची सेवा करत. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय की अशा बायकांशी कोणी इतक्या मायेने वागतं हे त्यांनी तिथे पहिल्यांदा पाहिलं. ही बाई लहानपणापासून पुराणं सांगत देशभर पायी हिंडलेली, शास्त्रं तोंडपाठ, आई, वडील, मोठी बहीण दुष्काळात उपासमारीने गेलेली, म्हणजे धर्म आणि भूक दोन्ही जवळून बघितलेली. तिने विचारलं की तुम्ही हे का करता? तेव्हा एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय काढला, विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट, लोकांनी हलकी मानलेल्या बाईशी येशू स्वतः बोलतो ती. त्याच वर्षी बाप्तिस्मा.

आता गंमत बघा. बाप्तिस्मा झाला, 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं, बायका शिकायला लागल्या, आणि एवढं सगळं झाल्यावर रमाबाई लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता! म्हणजे आधी दुसऱ्यांनी केलेलं प्रेमाचं काम डोळ्यांनी पाहिलं, मग थोडा विश्वास, मग स्वतःचं काम, आणि खरा विश्वास कामात बुडाल्यावर. आपण संडे स्कूलमध्ये एक, दोन, तीन असं शिकवतो, इथे सगळं उलटसुलट आहे.

भाच्याने लगेच मुद्दा काढला की पण आजोबा, त्यांच्यावर धर्मांतराचा आरोप झाला होता ना? झाला होता. 1893 ला रानडे आणि भांडारकर शारदा सदनच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, केसरीतून टीका झाली. मला प्रामाणिकपणे वाटतं की ज्या पालकांनी मुली विश्वासाने ठेवल्या त्यांची काळजी खोटी नव्हती, आणि रमाबाईंचंही खोटं नव्हतं, त्या पहाटे स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायच्या. दार लावून घ्यायला हवं होतं का? यावर गाडीत परत अर्धा तास वाद झाला, निकाल लागला नाही.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, बायका घेऊन आल्या, 1900 मध्ये गुजरातेतूनही आणल्या, आणि त्या सुमारास केडगावात 2000 च्या आसपास माणसं होती. त्यांना खायला घालायचं, पाणी द्यायचं, म्हणून विहिरी खोदल्या, शेती केली, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. नुसती माया करून दोन हजार माणसं जगत नाहीत, हिशोब लागतो, विहीर लागते. भक्तीच्या गोष्टींमध्ये हा भाग गाळतात आणि मला तोच सगळ्यात भारी वाटतो.

छापखान्याचा विषय निघाल्यावर मामी खुलल्या कारण त्यांचे वडील जुळारी होते. खिळे जुळवायचं काम काय असतं ते त्यांनी तिथे कट्ट्यावर बसून भाच्याला समजावलं, शिशाचा एकेक खिळा चिमटीत धरायचा, अक्षर उलटं वाचायचं, काना, मात्रा, वेलांटीचे खिळे वेगळे, बोटांची टोकं संध्याकाळपर्यंत काळीशार, आणि जोडाक्षर आलं की खण शोधत बसायचं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून पवित्र शास्त्राचं भाषांतर साध्या मराठीत केलं, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल असं, आणि ते असे खिळे जुळवून मुक्तीतल्याच बायकांनी छापलं. त्यातल्या कितीतरी जणी दुष्काळातून आलेल्या, ज्यांना आधी अक्षर माहीत नव्हतं! रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या, पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. रमाबाई जायच्या वर्षभर आधी, 1921 ला, मनोरमा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी वारली होती. त्या वयात, त्या दुःखात बाई प्रुफं तपासत बसल्या होत्या. मी यावर जास्त काही लिहीत नाही.

आम्हाला फिरवणाऱ्या ताई बोलता बोलता सारख्या थांबत होत्या, कुणाची रिबीन बांध, कुणाचं नाक पूस, वाक्य अर्धं राहायचं आणि परत तिथूनच सुरू. फोटो काढू नका म्हणाल्या, मुलींचे काढायचे नाहीत, बरोबरच आहे.

शनिवार, नगर

दौंडवरून काष्टीमार्गे नगर. कागदोपत्री 2024 पासून अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच येतं.

अमेरिकन मराठी मिशन इथे 1831 पासून. सिंथिया फरार नावाच्या मिशनरी बाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या, आणि जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहून मग 1848 ला पुण्यात मुलींची शाळा काढली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. फरारबाईंच्या कामाचं सगळ्यात मोठं फळ मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) रजिस्टरमध्ये कुठेच नाही, ते महाराष्ट्राच्या घराघरात आहे, आणि मला हे फार आवडतं. आपल्याकडे काही लोक सेवेचा रिपोर्ट लिहिताना बाप्तिस्म्यांचा आकडा शेवटच्या रकान्यात टाकतात त्यांनी नगरला एक चक्कर मारावी.

संध्याकाळी ह्यूम मेमोरियल चर्च बाहेरून पाहिलं, अहमदनगर कॉलेजवरून गेलो, 1947 ला डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी काढलेलं ते. रात्री ज्यांच्याकडे मुक्काम होता तिथे जेवताना तो जुना टोमणा निघाला, की इथले ख्रिस्ती म्हणजे दुष्काळात पोटासाठी झालेले. मला राग येतो या बोलण्याचा. मामांना येत नाही, ते म्हणाले, "झाले असतील पोटासाठी. योहानाचा सहावा अध्याय वाच. प्रभूने पाच हजारांना जेवू घातलं, दुसऱ्या दिवशी लोक परत शोधत आले तर तोच म्हणाला की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझ्याकडे आलात. त्याला माहीत होतं. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी पुष्कळ जण सोडून गेले. त्याने भाकरीचा हिशोब मागितला का कुणाकडे?"

मी तो अध्याय किती वेळा वाचलाय, पण पहिलं जेवण आणि शेवटचं सोडून जाणं एकत्र कधी वाचलंच नव्हतं. ज्याला भाकरी दिली तो उद्या निघून जाणार हे माहीत असून द्यायची, यालाच बहुतेक प्रीती म्हणत असावेत, बाकीची गुंतवणूक झाली.

रविवार, नगर ते जामखेड

सकाळी उपासनेला गेलो. गायन सुरेख, नारायण वामन टिळकांचं एक भजन होतं आणि पेटी-तबल्यावर सगळी मंडळी टाळ्या धरून गात होती. उपदेश लांबला. उपदेशाबद्दल एवढंच लिहिते की विश्वास हा शब्द पुष्कळदा आला आणि शेजारी हा शब्द एकदाही नाही. मामांनी मला कोपराने ढोसलं कारण मी वहीत रेघा मारत होते.

बाहेर पडल्यावर आमच्याच मंडळीचा विषय निघाला. आमच्याकडे एक वयस्कर काका आहेत, डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. दर रविवारी त्यांच्या नावाने प्रार्थना होते, नाव घेऊन, मनापासून, कुणाचे डोळेही भरून येतात. आणि काका मंगळवारी, शुक्रवारी एकटे रिक्षाने जातात आणि चक्कर येत असताना एकटे रिक्षाने परत येतात. प्रार्थना खोटी आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण याकोब नेमकं हेच उदाहरण देतो ना, भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाची वानवा आहे, आणि तुम्ही म्हणता सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा, आणि देत काहीच नाही. त्याने हे दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलं, म्हणजे तेव्हाही रविवारनंतर असंच होत असणार.

मामी म्हणाल्या, "याच वर्षी साउंड सिस्टिमला निधी निघाला की." कोणी काही बोललं नाही. भाच्याने गाणी लावली.

नगरहून जामखेडला जाताना मधेच बीड जिल्हा लागतो, कडा, आष्टी, मग परत नगर जिल्हा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माळ, मधूनच कांदा.

सोमवार, जामखेड

या दिवसासाठी अख्खा प्रवास केला असता तरी चाललं असतं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघं वेल्लोरच्या सीएमसीमध्ये (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात) शिकले, 1960 ला लग्न झालं आणि लग्नाच्याच दिवशी दोघांनी ठरवलं की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी. असे निश्चय भावनेच्या भरात पुष्कळ जण करतात, तरुण संघाच्या शिबिरात शेवटच्या रात्री हात वर करणारे मी कितीतरी पाहिलेत. आरोळ्यांचं वेगळं हे की त्यांनी पुढे डोकं वापरलं. नगर जिल्ह्यातल्याच वडाळा मिशनच्या हॉस्पिटलात ते काम करत होते, भरपूर पेशंट, भरपूर ऑपरेशनं, आणि लक्षात यायला लागलं की बरे करून घरी पाठवलेले लोक तेच आजार घेऊन परत येतायत. कारण पाणी तेच, अन्न तेवढंच, घर तेच. मग दोघं सार्वजनिक आरोग्य शिकायला अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले आणि 1970 मध्ये जामखेडला आले. जनावरांच्या जुन्या दवाखान्यात सुरुवात केली.

प्रीतीने काम करायचं म्हणजे अभ्यास पण करायचा, हे मला तिथे फार लागलं. आपण देतो ते देऊन मोकळे होतो, परत आलेल्या पेशंटला आपण बघत नाही कारण तोपर्यंत आपल्याला देण्याचं समाधान मिळून गेलेलं असतं.

गावांत विचारलं की काय हवं, तर लोकांनी डॉक्टर मागितला नाही, पाणी आणि अन्न मागितलं. दुष्काळाची वर्षं होती. मग पाण्याचं काम. हातपंप बसवायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत बसवायचं जमवून आणलं, पाणी हवं असेल तर सगळ्या गावाने तिकडे जायचं! भाषण नाही, सत्याग्रह नाही, पंपाची जागा. भाचा दोन मिनिटं नुसता हसत होता.

शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार नव्हत्या, गावालाही त्या परक्या. तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या, बऱ्याचशा निरक्षर, बऱ्याचशा खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींतल्या, आणि त्यांना आरोग्याचं काम शिकवलं, दर आठवड्याला जामखेडला बोलावून. सगळ्या जातींच्या बायका एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, सुरुवातीला हेच अवघड होतं, औषधं नंतर. 1979 ला आरोळे पतिपत्नीला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 ला गेल्या, डॉक्टर 2011 ला.

तिथे एक जुन्या आरोग्यसेविका भेटल्या, आता हात थरथरतो पण आवाज खणखणीत. जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखर पाणी कसं करायचं ते त्यांनी भाच्याला करून दाखवायला लावलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. भाच्याने मिठाचा चमचा शिगोशीग भरला तर त्याच्या हातावर चापट! म्हणाल्या, "आधी स्वतः चाखायचं. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून दे, लेकराला देऊ नको." मग थेंब थेंब कसं पाजायचं, ओकलं तर दहा मिनिटं थांबून परत कसं सुरू करायचं, आई घाबरते तिला आधी कसं बसवायचं. सुईण म्हणून गेल्या तर चीक पिळून टाकायची रीत होती, ती मोडायला सासवांशी किती वर्षं भांडल्या तेही सांगितलं.

भाच्याने विचारलं, "आजी, तुम्ही ख्रिस्ती का?"

"नाही रे. मी माळकरी," आणि पदर सारून तुळशीची माळ दाखवली.

मामांनी हात जोडले. नंतर गाडीशी येताना भाचा म्हणाला की आजोबा, मग यात विश्वास कुणाचा आणि काम कुणाचं? मामा म्हणाले, "आरोळ्यांचा विश्वास, आणि काम त्या बाईंचं. प्रीती दोघांची. आता वाटण्या करत बसू नकोस."

मला हे उत्तर अर्धंच पटलं. कारण त्या आजींचाही विश्वास आहेच, त्यांच्या विठ्ठलावर, आणि आपण ख्रिस्ती लोक ते पटकन बाजूला सारतो. पण हेही खरं की आरोळ्यांनी आपला विश्वास लपवला नाही आणि कुणाच्या गळ्यातही मारला नाही. केडगावच्या उघड्या दाराबद्दलचा आमचा वाद इथे परत सुरू झाला असता, मामींनी थांबवला.

निघताना कृत्रिम पायांचं वर्कशॉप पाहिलं, जयपूर फूट तिथे बनवतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर हातोडी चालू होती, ठोकून ठोकून पोटरीचा गोलवा आणायचा, मापाला लावून बघायचा, परत ठोकायचा. मामा बराच वेळ बघत उभे.

मंगळवार, पंढरपूरवरून मिरज

पहाटे निघालो, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर. गर्दीमुळे आत शिरलो नाही, चंद्रभागेच्या पुलावर मात्र टिळकांची आठवण निघाली. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो म्हणणारा हा कवी 1895 ला ख्रिस्ती झाला आणि घर मोडलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही काळ इथेच पंढरपुरात नातेवाइकांकडे होत्या. नवऱ्याच्या विश्वासाची किंमत बायकोने भरायची हे विश्वासाच्या मोठमोठ्या गोष्टींत कुणी मांडत नाही, लक्ष्मीबाईंनी स्वतःच मांडलं, तेही हसत हसत. 1900 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःच्या डोक्याने विचार करून.

सांगोल्यावरून दुपारी मिरज. डॉ. विल्यम वॉन्लेस, मूळचे कॅनडाचे, 1889 ला आले, आधी सांगलीत दवाखाना, मग 1894 ला मिरजेत हॉस्पिटल. ज्यांनी मिरजेला ऑपरेशनसाठी नातेवाईक नेलेत अशी घरं पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात गावोगाव सापडतील, रेल्वे जंक्शन असल्यामुळे लांबून लांबून पेशंट यायचे. वॉन्लेसनी डॉक्टर घडवायला शाळा पण काढली, म्हणजे आरोळ्यांचीच अक्कल सत्तरेक वर्षं आधी, की आपल्या दोन हातांवर काम थांबवायचं नाही. सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीचं नाव अजून वॉन्लेसवाडी आहे. कुष्ठरोग्यांसाठी वेगळं हॉस्पिटलही त्याच काळातलं.

मिरजेबद्दल फार लिहीत नाही कारण ऊन होतं, मामांचा गुडघा दुखत होता. सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत घातलेले पाहिले आणि भाच्याने एका दुकानात तंबोरा छेडून बोलणी खाल्ली.

बुधवार, परत

कराड, सातारा. टिळक शेवटी साताऱ्यात होते. 1917 ला त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा झालेले, न झालेले, ख्रिस्ताच्या मागे येऊ पाहणारे सगळे त्यात चालतील असा. 1919 ला ते गेलेच. पन्नाशी उलटल्यावर पगार सोडणारा माणूस हिशोबी नव्हता हे नक्की, लक्ष्मीबाईंनी तो हिशोब कसा सांभाळला असेल!

साताऱ्याला चहा प्यायलो तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, काकांची डायलिसिसची वेळ काय असते?"

सकाळी सातला लागतात, अकराला सुटतात, मी सांगितलं. शुक्रवार मी करीन म्हणाला, लेक्चर दुपारी असतं. मामी म्हणाल्या मंगळवारी मी सोबत बसेन पण मला गाडी येत नाही, कुणीतरी सोडा. मामा म्हणाले आधी काकांना विचारा, त्यांना चालेल का, कदाचित त्यांना सोबत नको असेल, सोबत हवी पण बडबड नको असेल, विचारल्याशिवाय कुणी दारात जाऊन उभं राहू नका. हे मला सुचलं नव्हतं. मी तिथूनच काकांना फोन लावला. ते आधी नको नको म्हणाले, मग म्हणाले जाताना जमतं, येताना कुणी असेल तर बरं, पायऱ्या चढवत नाहीत.

म्हणजे साडेदहाला तिथे पोचायचं, सातला नाही. सगळं वेळापत्रक परत बदललं. खंबाटकी घाटापर्यंत मंगळवारची तीन नावं झाली आणि शुक्रवारची दोन, पेट्रोलचं कमिटीपुढे ठेवायचं की आपसात करायचं यावर मामा-मामींचं अजून जमलेलं नाही.